पंजीचं लुगडं

ट्रॅक्टर बघायला जाताना मी पिशवीत हिरवं नऊवारी लुगडं घेऊन गेले होते. गावात हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "लुगडं कशाला?" तेच सांगते. पुरंदरहून वऱ्हाडात कोणी जुना ट्रॅक्टर आणायला जात नाही, मी गेले. निदान पुढं जाणाऱ्यानं माझ्यासारखं तोंडावर पडू नये.

आमची फुलशेती. शेवंती, झेंडू, थोडी अंजिरं. सऱ्या अरुंद, त्यात मोठा ट्रॅक्टर शिरत नाही, आणि भाड्याचा छोटा ट्रॅक्टरवाला "उद्या येतो" म्हणाला की तो उद्या पंधरा दिवसांनी उगवतो. गेल्या साली त्याच्या नादात माझी अर्धी लागवड मागं पडली आणि ऐन दसऱ्याला रानात कळ्याच राहिल्या. तेव्हाच मी ठरवलं, पुढच्या हंगामाआधी दारात स्वतःचा ट्रॅक्टर. नवा परवडत नव्हता. फुलांचे साठवलेले पैसे होते तेवढ्यातच ट्रॅक्टर, अवजारं आणि तो घरी आणायचा खर्च बसवायचा होता. कर्ज काढायचं नाही, हा माझा हट्ट.

माझी भाची शीतल अकोटला दिली आहे. तिनं अंजनगाव सुर्जीजवळच्या एका खेड्यातला ट्रॅक्टर शोधला. संत्र्याच्या बागेत चालवलेला, बुटका, अरुंद, अगदी आमच्या सऱ्यांच्या मापाचा. मी मालकाला फोन लावला. पुरुषोत्तमभाऊ त्यांचं नाव. गडी एकदम खणखणीत बोलत होता.

"ट्रॅक्टर पाहून घ्या, ताई. संगं पंजीबी पाहून घ्या. पंजी जुनी हाये, थोडी वाकली हाये, दोन दात पडेल हायेत. पन वावरात घाला तिले, अजून जवानावानी काम करते!"

मी फोन ठेवला. पणजी! या वयाची बाई, वाकलेली, दात पडलेले, आणि हा बाबा तिला वावरात घालतो? वर फोनवर फुशारक्या मारतो? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण ट्रॅक्टर तर बघायचा होता. मग म्हटलं, आपण त्या म्हातारीसाठी तरी काहीतरी नेऊ. सासवडच्या बाजारातून लुगडं घेतलं, पोपटी काठाचं.

अकोला आणि अकोट

आमचे हे फुलांची गाडी सोडून कुठं हलत नाहीत, म्हणून माझे धाकटे दीर दत्ताभाऊजी सोबत आले. इंजिनाला कान लावून ते रोग सांगतात, पण पैशाची गोष्ट निघाली की ताकाला जाऊन भांडं लपवतात. भावाचं खातं माझं. पुण्याच्या फुलबाजारात मी वीस वर्षं उभी आहे. तिथं एकच शिकले. भाव ठरल्यावर समोरचा कुरकुरला पाहिजे. तो खुशीत गेला तर समजावं, आपण बुडालो.

रात्रभर गाडीत बसून सकाळी अकोल्याला उतरलो. होळी नुकतीच होऊन गेली होती, तरी ऊन असं की पायऱ्या उतरेपर्यंत घसा कोरडा. स्टँडवर जायला रिक्षा केली. त्यानं सांगितलेले पैसे मला फार वाटले.

"एवढे कुठं असतात? जास्त घेताय तुम्ही," मी म्हटलं.

"हाव," तो म्हणाला आणि रिक्षा चालू केली.

आमच्याकडं हाव म्हणजे हावरटपणा. स्वतःच्या तोंडानं कबूल करणारा रिक्षावाला मी जन्मात पाहिला नव्हता. संध्याकाळी शीतलला सांगितलं तर ती पोट धरून हसली. "मावशी, हाव म्हणजे इथं हो! मीसुद्धा आता दिवसभर हाव हाव करते."

अकोटपर्यंत एसटीच्या खिडकीतून काळी जमीन बघत गेले. आमच्याकडं कुठंही बघा, डोंगर आडवा येतो. इथं नजर अडायलाच काही नाही. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून बांधाला रचलेल्या, मोकळ्या रानाला हातभर भेगा, आणि लांब उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. दत्ताभाऊजी म्हणाले, "वहिनी, एवढी माती आपल्याकडं असती तर!" मी म्हटलं, "माती आहे, पाणी कुठाय ते बघा."

रात्री शीतलनं कढी-गोळे केले होते. डाळीचे गोळे कढीत शिजवलेले, आंबट-तिखट. आमच्याकडं कढी म्हणजे आजारी माणसाचं अन्न, इथं ती पाहुण्याला घालतात आणि ती पाहुण्याच्या डोळ्यातून पाणी काढते. जेवताना मी विचारलं, "पुरुषोत्तमभाऊंच्या पणजीचं वय काय असेल गं?"

"पणजी? त्यांच्या घरी तर दोघंच राहतात, भाऊ आणि कमलकाकू."

"लपवत असतील," मी म्हणाले. शीतलनं माझ्याकडं विचित्र बघितलं, पण पुढं काही बोलली नाही. तेव्हाच खोदून विचारलं असतं तर पुढची शोभा टळली असती.

अंजनगावजवळचं खेडं

दुसऱ्या दिवशी शीतलला सोबत घेऊन जीपनं निघालो. वाटेत हिरवे पानमळे लागले, मग संत्र्याच्या बागा. काही भरलेल्या, काही वाळून करड्या पडलेल्या.

पुरुषोत्तमभाऊ साठीचे, उंच, पांढऱ्या मिशा. कमलबाई ठेंगण्या, पदर खोचलेल्या, नजर तीक्ष्ण. पाणी झालं, चहा झाला. ट्रॅक्टर अंगणातच निंबाखाली उभा होता, पण माझं मन त्याच्यात नव्हतं.

"आधी पणजींना भेटते," मी म्हटलं. "पाया पडते, मग पुढचं बोलू."

भाऊ थांबले. "पंजीच्या पाया?"

"हो. मोठं माणूस आहे."

त्यांनी कमलबाईकडं बघितलं. मग मान हलवून म्हणाले, "चांगली पद्धत हाये तुमच्याकडची. आमी पोळ्याले अन् दसऱ्यालेच पडतो पाया. चला, गोठ्यात हाये ते."

"गोठ्यात?" माझा आवाज चढला. "तुम्ही पणजीला गोठ्यात ठेवता?"

"मंग काय देवघरात ठेवाव?"

"उन्हात, शेणामुतात?"

"उन्हाचं काय नाई व ताई. पावसात गंजते, म्हनून तं आत घेतली."

'गंजते' हा शब्द कानावर पडला तेव्हाच मी थांबायला हवं होतं. पण माझं डोकं भडकलेलं. मी पिशवीतून लुगडं काढलं, हातावर घेतलं आणि तरातरा गोठ्यात शिरले. एका कोपऱ्यात ताडपत्री होती. भाऊंनी ती ओढली. खाली लोखंडी सांगाडा, सात फणांचा, त्यातले दोन गायब, एक बाजू वाकलेली.

"हे पंजी," भाऊ म्हणाले आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

म्हणजे माती मोकळी करायला ट्रॅक्टरमागं लावतात ते अवजार, आमच्याकडचा कल्टिव्हेटर! मी लुगडं हातात धरून त्या लोखंडासमोर उभी. दत्ताभाऊजींनी तोंड फिरवलं, त्यांचे खांदे हलत होते. शीतल म्हणाली, "मावशी, तू हिच्यासाठी लुगडं आणलंस?" आणि मग कमलबाईंना सगळा उलगडा झाला. त्या गोठ्याच्या खांबाला धरून खाली बसल्या. "अवं माय व! पंजीले लुगडं!" त्यांना श्वास घेववेना. भाऊही हसले, मीही हसले. न हसून सांगते कोणाला?

पण आतून मी वैतागले होते. फुलबाजारात भावाआधी हसायचं नसतं. हसलेल्या माणसाशी घासाघीस होत नाही, जीभ बोथट होते.

मग ट्रॅक्टर बघणं झालं. दत्ताभाऊजींनी आधी इंजिनावर हात ठेवला. गार होतं. कोणी गरम करून ठेवलेलं नव्हतं, हे चांगलं चिन्ह. एका चावीत चालू झाला, धूर जरा काळा निघाला आणि विरला. वावरात एक फेरी मारली. त्या फेरीत माझी एक चप्पल जमिनीच्या भेगेत गेली, ती कमलबाईंनी काठीनं काढून दिली. परत आल्यावर दत्ताभाऊजींनी पंजी जोडायला लावली, लिफ्टनं वर उचलली, ट्रॅक्टर बंद केला आणि सहज म्हणाले, "राहू द्या तशीच. जेवून येऊ."

मला वाटलं होतं भाव उभ्या उभ्या होईल. आमच्याकडं बांधावरच होतो, जेवण सौदा जमला तर. इथं उलटं. मी दोनदा विषय काढला, भाऊंनी दोनदा तोडला. "उपाशी मानसानं पैशाची गोठ करू नये, ताई. राग येते." अंगणात गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे होते. कणकेचे जाड गोळे, आत पदर सुटलेले, ते कुस्करायचे, वर वरण आणि तुपाची धार, सोबत वांग्याची भाजी. मी लाजलाजत दुसरा घेतला. कमलबाई म्हणाल्या, "लाजता काहून? लुगडं आनतानी नाई लाजल्या!" आणि तिसरा वाढला.

जेवून आलो तर पंजी वीतभर खाली उतरलेली होती. दत्ताभाऊजींनी फक्त बोट दाखवलं. लिफ्ट वजन धरून ठेवत नव्हती.

भाऊंनी मिशीवरून हात फिरवला. "लिफ्ट बसते थोडी. फोनवर सांगाले पायजे होतं, नाई सांगतलं. माह्यं चुकलं."

असं सरळ कबूल करणारा विकणारा भेटला की माझ्यासारखीची पंचाईत होते. तरी मी सोडलं नाही. त्यांचा आकडा दोन लाख साठ हजार. मी दोन बोलले. ते म्हणाले, "दोन लाखात ट्रॅक्टरची सावली येते, ताई." लिफ्टपायी ते दोन चाळीसवर आले. मी रडतखडत दोन वीसवर गेले. ट्रकभाडं धरलं तर माझा दोर तिथं संपत आला होता. मधले वीस हजार काही हलेनात. हत्ती गेला आणि शेपूट अडकलं.

"घ्याचा असन तं घ्या, नाई तं राहू द्या," भाऊ म्हणाले. पुण्यात कोणी असं बोललं तर भांडण समजतात. शीतलनं हळूच सांगितलं, "रागानं नाही म्हणत ते, मावशी, इथं असंच बोलतात." पण मी फणफणले होते. आणि मला एक युक्ती सुचली.

"असं करा," मी म्हटलं. "ती पंजी तुम्ही ठेवून घ्या. मोडकीच आहे, मला काय करायची? तिचे वीस हजार कमी करा आणि दोन वीसला ट्रॅक्टर द्या."

मला वाटलं, काय नामी तोड काढली! कमलबाई ताटं उचलत होत्या, त्यांनी ती खाली ठेवली आणि आत निघून गेल्या.

भाऊ उठले. "राहू द्या ताई. नाई जमत सौदा."

"अहो, पण झालं काय?"

उत्तर आतून आलं. कमलबाई उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या, डोळे लाल. "सकाळी लुगडं आनलं होतं ना तिच्यासाठी? पाया पडाले निंगाल्या होत्या. आता तिलेच टाकून जाता?"

मी पिशवीतल्या लुगड्याकडं बघितलं.

मग त्या सगळं सांगायला लागल्या. त्यांच्या बागेत तीनशेवर संत्र्याची झाडं होती. झाडं लावायच्या आधी जमीन केली ती याच पंजीनं. पुढं झाडं मोठी झाली, भाऊंना बाजाराची कामं, म्हणून बागेतला ट्रॅक्टर वर्षानुवर्षं कमलबाईच चालवायच्या. लुगड्याचा काष्टा घालून नव्हे, साडीचा पदर खोचून, डोक्याला दुपट्टा बांधून. मग बोअर आटली. दुसरी खोदली, तीही आटली. झाडं उभी वाळली. ती तोडून नेल्यावर जमिनीतल्या मुळ्या काढायला पुन्हा हीच पंजी घातली, तेव्हा तिचे दोन दात तुटले आणि कूस वाकली. तेव्हाही गाडीवर कमलबाईच होत्या.

"माह्याच हातानं काहाडल्या मुळ्या," त्या म्हणाल्या. "आता तिथं कापूस लावतो, त्याले भाड्याचा मोठा ट्रॅक्टर येते. अकोटचा व्यापारी आला होता. ट्रॅक्टर नेतो म्हने, पंजी भंगारात घाला. म्या त्याले चहाबी नाई पाजला. तुमी आल्या, पंजीच्या पाया पडतो म्हनलं, गैरसमजानं का होईना, मले वाटलं, आता जाईन हे चांगल्या वावरात. अन् तुमीबी तेच म्हनता."

मला फार वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यात पाणीच आलं. उपटलेल्या रोपाची मला सवय आहे, हंगाम संपला की आम्ही शेवंती उपटतोच. पण बारा-पंधरा वर्षं वाढवलेलं झाड आपल्या हातानं मुळासकट काढायचं, हे माझ्या कल्पनेबाहेरचं होतं.

"पंजी नेते मी," मी म्हटलं. "दात बसवते, वाक काढते आणि वावरात घालते. चुकलं माझं."

कमलबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग नवऱ्याला म्हणाल्या, "आता तुमी आकडा बोलू नका." आणि मला म्हणाल्या, "ताई, भाव आता तुमीच सांगा. तुमच्या मनाले जो बरोबर वाटन, तो. आमी त्याच्यावर बोलत नाई."

हा खरा पेच. पाडून मागायचं म्हणाल तर मी कोणाच्या बापाला ऐकत नाही. पण बरोबर भाव सांगा, असं मला वीस वर्षांत कोणी म्हटलंच नव्हतं. दोन वीस म्हटलं असतं तरी त्या दोघांनी शब्द फिरवला नसता, आणि तेच मला जास्त टोचत होतं. मी दत्ताभाऊजींकडं बघितलं, ते निंबाची पानं मोजत असल्यासारखे वर बघत होते. म्हणजे मदत शून्य. लिफ्टचं काम डोक्यात धरलं, टायर धरले, इंजिनाचा आवाज धरला. ट्रकभाड्यासाठी गळ्यातली बोरमाळ गहाण टाकावी लागेल का, तेही धरलं.

"दोन पस्तीस," मी म्हटलं. "पंजीसगट."

"हाव," भाऊ म्हणाले.

कोणी कुरकुरलं नाही. ना ते, ना मी.

मी लुगडं परत काढलं. कमलबाई म्हणाल्या, "घाला मंग पंजीच्या अंगावर," आणि हसल्या. मी म्हटलं, "आमच्याकडं मुलगी न्यायची तर तिच्या आईला लुगडं द्यावं लागतं. हे आईचं आहे." त्यावर त्या हसायच्या थांबल्या. लुगडं छातीशी धरलं आणि सरळ रडायला लागल्या, आवाज करून. भाऊ घाईघाईनं ट्रॅक्टरचा टायर तपासायला गेले.

अमरावती आणि घर

कागदपत्रांसाठी दुसऱ्या दिवशी भाऊंबरोबर अमरावतीला गेलो. आमचा जिल्हा वेगळा, त्यामुळं ना हरकतीचा दाखला, सह्या, अंगठे, या खिडकीतून त्या खिडकीत. मध्ये भाऊंनी गीला वडा खायला घातला. वडा चटणी-दह्यात बुडवून देतात, तो खाताना माझ्या पदराची वाट लागली. पैसे मी देत होते तर म्हणाले, "ठेवा. पाहुन्यानं पैसे देल्ले तं कमल घरात घेनार नाई मले." मी ठेवले. त्या बाईची भीती मलाही बसली होती.

ट्रकवर चढवायच्या आधी कमलबाईंनी पंजीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. दोर मात्र स्वतः बांधला, हमालाची गाठ त्यांना पसंत पडेना.

परतीच्या गाडीत दत्ताभाऊजींनी विचारलं, "वहिनी, भाव जास्त झाला का कमी?" मी रात्रभर विचार केला. समोरचा कुरकुरला नाही म्हणजे मी बुडाले, हे माझं जुनं गणित. पण मी तरी कुठं कुरकुरत होते? सकाळी पुणं आल्यावर मी त्यांना उत्तर दिलं, "बरोबर झाला." ते म्हणाले, "काय?" ते प्रश्न विसरूनही गेले होते.

बोरमाळ गहाण पडली नाही. ह्यांनी फुलांच्या गाडीचे पैसे काढून ट्रकवाल्याला दिले, थोडं बोलले, मी ऐकून घेतलं. लिफ्टचं काम झालं. सासवडच्या लोहारानं पंजीला दोन नवे दात बसवले. वाक मात्र पूर्ण निघाला नाही, एक बाजू अजून जराशी कलते.

परवा शेवंतीच्या रानाची तयारी चालली होती. मी बांधावर उभी, दत्ताभाऊजी ट्रॅक्टरवर. फोन वाजला.

"ताई, मी कमल बोलून राहिली. लुगडं पाचवारी करून नेसलं आज." मग, "पंजी कशी हाये?"

"बरी आहे. दोन दात बसवले."

"कवळी लावली म्हना की!" त्या हसल्या. मग हळू आवाजात विचारलं, "वावरात घातली काय तिले?"

दत्ताभाऊजींनी तेवढ्यात पंजी खाली सोडली. सातही दात मातीत गेले, ट्रॅक्टर पुढं निघाला आणि मागं ओली माती वर यायला लागली. मी फोन त्या आवाजाकडं धरला आणि मग कानाला लावला.

"हाव," मी म्हणाले.